इतिहासाची उत्तरपत्रिका

नाशिकच्या दक्षिणेस अंबड गांवाची शीव मागें टाकली म्हणजे मुंबई-आग्रा रस्त्याच्या कडेस शंकूच्या आकाराचा एक डोंगर उभा दिसतो. औद्योगिक वसाहतींतील कारखान्यांच्या छपरांवरूनहि तो नजरेंतून सुटत नाहीं. या डोंगराच्या कमरेस चोवीस लेणीं कोरलेलीं आहेत. लोक त्यांस पांडवलेणीं म्हणतात. लेण्यांतील लेखांत डोंगराचें नांव त्रिरश्मि असें आहे. पांडवांचा त्यांशीं कांहीं संबंध नाहीं हें शाळेंतील मुलासहि ठाऊक असतें. पण लोकांनीं दिलेलें नांव पुस्तकाच्या सांगण्यानें बदलत नसतें, आणि तें बदलावें असा आमचा आग्रहहि नाहीं.

याच अंबडांत राहणारा, इतिहास हा विषय घेऊन बी. ए. चा अभ्यास करणारा एखादा तरुण घ्या. गौतमीपुत्र सातकर्णीच्या कामगिरीचें मूल्यमापन करा, अशा धर्तीचा प्रश्न त्याच्या वाट्यास केव्हांतरी येतोच. उत्तरहि ठरलेलें असतें. शक, यवन व पल्हव यांचा पाडाव, क्षहरात नहपानाचा उच्छेद, राज्याचा विस्तार, धर्मविषयक उदारता, न्याय्य करपद्धति, समारोप. प्रत्येक मुद्द्याखालीं चार ओळी लिहिल्या आणि मथळ्यांखालीं रेघ ओढली कीं उत्तीर्ण होण्यापुरते गुण पदरांत पडतात. हे बहुतेक मुद्दे ज्या एका लेखावरून घेतलेले आहेत तो लेख ज्या भिंतीवर कोरलेला आहे, ती भिंत या तरुणाच्या घरापासून तासाभराच्या चालीवर आहे. तो तेथें सहलीस गेलेला असतो; पावसाळ्यांत डोंगर हिरवा झाला म्हणजे मित्रांसह गेलेला असतो. उत्तर लिहिण्यासाठीं मात्र तो तेथें कधीं गेलेला नसतो, कारण त्यासाठीं तेथें जावयाचें असतें असें त्यास कोणीं सांगितलेलेंच नसतें. यांत त्याचा दोष थोडा. इतिहास आणि इतिहासाची परीक्षा यांची फारकत त्याच्या जन्माच्या फार पूर्वीं झालेली आहे, आणि ती कशी झाली हें पाहण्यासारखें आहे.

लेखी परीक्षा ही आपल्याकडील जुनी वस्तु नव्हे. पेशवाईंत श्रावणमासीं पुण्यास दक्षिणा वांटली जाई तेव्हां विद्वान् ब्राह्मणांची परीक्षा होई. पण ती शास्त्र्यांच्या समोर बसून, तोंडीं. उत्तर चुकलें तर तेथल्या तेथें प्रतिप्रश्न येई, आणि प्रतिप्रश्नास तोंड देतां देतां मनुष्याची खरी तयारी उघडी पडे. उत्तर कागदावर लिहावयाचें, तें कोणा अदृश्य परीक्षकाकडे जावयाचें आणि त्यानें आंकडा घालून परत धाडावयाचें, ही रीति आपल्या प्रांतांत रुजली ती मुंबई विद्यापीठामुळें. हें विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें तें लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर; म्हणजे शिकविण्याचें काम कॉलेजांचें, आणि परीक्षा घेऊन पदवी देण्याचें काम विद्यापीठाचें. १९०४ च्या कायद्यानें विद्यापीठांस स्वतः शिकविण्याची मोकळीक मिळेपर्यंत, जवळ जवळ अर्धें शतक, ही व्यवस्था चालली. जी संस्था केवळ परीक्षा घेते तिच्या छायेंत वाढलेल्या शिक्षणांत परीक्षा हीच विद्या समजली जावी यांत नवल नाहीं. तथापि इंग्रजांनीं आपल्यापुढें उष्टें ताट सरकविलें असें म्हणणें मात्र अन्यायाचें होईल. केंब्रिज येथें इतिहासाची स्वतंत्र पदवी-परीक्षा प्रथम १८७५ सालीं झाली. मुंबईंत त्यापूर्वीं दहा-बारा वर्षें इतिहासांत विशेष प्रावीण्य मिळविलेला पदवीधर बाहेर पडला होता.

तो पदवीधर म्हणजे महादेव गोविंद रानडे. जन्म नाशिक जिल्ह्यांतील निफाडचा, १८ जानेवारी १८४२ चा. १८६२ सालीं मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या बी. ए. परीक्षेंत चौघे उत्तीर्ण झाले: रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. यांपैकीं पहिल्या दोघांचीं नांवें या लेखांत पुन्हां यावयाचीं आहेत. रानड्यांनीं इतिहास व अर्थशास्त्र या विषयांत ऑनर्स मिळविली, आणि १८६४ सालीं ते एम्. ए. झाले.

एल्फिन्स्टन कॉलेजांत असतांना रानड्यांनीं एक निबंध लिहिला. त्यांत मराठ्यांच्या राज्यकारभाराशीं इंग्रजी राज्यकारभाराची तुलना होती, आणि तींत इंग्रजी राज्य उणें ठरलें होतें. कॉलेजचे प्रिन्सिपॉल सर अलेक्झांडर ग्रांट यांनीं लेखकास बोलावून घेतलें, जें सरकार आपणांस शिक्षण देत आहे त्याची निंदा करूं नये अशी समज दिली, आणि सहा महिने त्याची शिष्यवृत्ति बंद ठेविली. रानड्यांच्या चरित्रांतून ही हकीकत नेहमीं येते, आणि ती बहुधा तरुण रानड्यांच्या स्वदेशाभिमानाचें उदाहरण म्हणून सांगितली जाते. आम्हांस ती निराळ्याच कारणासाठीं महत्त्वाची वाटते. विद्यार्थ्यानें लिहिलेला इतिहासविषयक निबंध आणि तो वाचणारा शिक्षक यांची आपल्याकडील ही पहिली मोठी गांठ आहे, आणि ती शिक्षेंत संपली.

हे ग्रांट कोणी सामान्य गृहस्थ नव्हते. ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रावरील त्यांचा ग्रंथ विलायतेंत मान्यता पावलेला होता. मुंबईस ते प्रथम आले ते एल्फिन्स्टन कॉलेजांत इतिहास व अर्थशास्त्र यांचे प्रोफेसर म्हणूनच. १८६३ सालीं ते विद्यापीठाचे व्हाइस चॅन्सेलर झाले, आणि १८६८ सालीं एडिंबरो विद्यापीठाचे मुख्य होऊन स्वदेशीं परत गेले. असा मनुष्य निबंधांतील निष्कर्ष पाहून रागावतो, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. कारण रागावण्याऐवजीं हरकती घेण्यास तेथें जागा पुष्कळ असली पाहिजे. त्या काळीं विशींतल्या विद्यार्थ्यास मराठ्यांच्या कारभाराविषयीं वाचावयास काय मिळत होतें? मुख्यतः ग्रांट डफ यांचा १८२६ सालीं प्रसिद्ध झालेला तीन भागांचा इतिहास. (नांवांच्या सारखेपणानें वाचकांनीं घोटाळ्यांत पडूं नये, साताऱ्याचे ग्रांट डफ निराळे आणि कॉलेजचे ग्रांट निराळे.) बखरी बहुतेक हस्तलिखित, ज्याच्या त्याच्या घरीं, पेशव्यांचें दफ्तर सरकारच्या कुलुपांत. एवढ्या सामुग्रीवर दोन राज्यांची तुलना करणें हें धाडसच होतें. अमुक विधान कशावरून केलें, तमुक गोष्टीचा पुरावा कोठें आहे, दोन राज्यें कोणत्या बाबींत तोललीं, असें ग्रांटनीं खोदून विचारलें असतें तर रानड्यांस सहा महिन्यांच्या शिष्यवृत्तीहून अधिक किंमतीची वस्तु मिळाली असती. ग्रांटनीं निष्कर्षास हात घातला. आधार तसाच राहिला.

आणि तरीहि ग्रांटच्या बाजूनें एक गोष्ट बोललीच पाहिजे. त्यांनीं तो निबंध वाचला होता. त्यांत काय म्हटलें आहे हें त्यांस ठाऊक होतें, आणि एका विद्यार्थ्याच्या मतास कांहीं वजन आहे असें वाटलें म्हणूनच तर ते चिडले. आजच्या विद्यार्थ्यानें आपल्या गृहपाठाच्या वहींत कसलेंहि विलक्षण मत मांडलें तरी त्याची शिष्यवृत्ति बंद होण्याचें भय बहुधा नाहीं. कारण तें मत कोणाच्या दृष्टीस पडेल हा संभवच कमी. वहीच्या पानांची संख्या मोजली जाते, वही वेळेवर आली किंवा नाहीं हें पाहिलें जातें, अखेरच्या पानावर सही होते, आणि वही कपाटांत जाते. ग्रांटसारखा रागावणारा वाचक आणि मुळींच न वाचणारा परीक्षक यांतून एक निवडावयाचा झाला तर आम्ही बराच वेळ विचारांत पडूं.

रानड्यांच्या त्या निबंधाचा शेवट सहा महिन्यांनीं झाला नाहीं. ते न्यायखात्यांत गेले. १८७८ सालीं न्यायाधीश म्हणून नाशिकासहि आले. अर्थशास्त्र, समाजसुधारणा, सभा, परिषदा यांत आयुष्य गेलें. पण तो विषय त्यांच्या मनांतून गेला नव्हता. १९०० सालीं, म्हणजे मृत्यूच्या आदल्या वर्षीं, मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरील त्यांचें इंग्रजी पुस्तक बाहेर पडलें, आणि त्याच सुमारास पेशव्यांच्या रोजनिशींवर त्यांनीं रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेपुढें निबंध वाचला. गणेश चिमणाजी वाड यांनीं पेशवे दफ्तरांतून निवडून काढलेल्या या रोजनिशींत महसूल, न्याय, तुरुंग, टांकसाळी, वेठबिगार, जातीजातींचे तंटे असा कारभाराचा रोजचा तपशील आहे. कॉलेजांतील विद्यार्थ्याला जें दफ्तर पाहावयास मिळालें नव्हतें त्याचा निवडक भाग आतां हायकोर्टाच्या न्यायमूर्तीपुढें होता. आणि त्यानें काय लिहिलें? मराठ्यांच्या कारभारांतील चांगलें तें सांगितलें. पण राज्य कां ढासळलें याचीं कारणेंहि मराठ्यांच्याच घरांत शोधलीं. शिवाजी महाराजांनीं घातलेली अष्टप्रधानांची घडी मोडली, अधिकार वंशपरंपरेनें चालूं लागले, रोख पगारांच्या जागीं जहागिरी आल्या, जातीचा वरचष्मा वाढला. विशींतल्या निबंधांत ज्या राज्याची तुलना इंग्रजांशीं झाली होती, त्याच राज्याची तुलना अठ्ठावन्नाव्या वर्षीं त्याच्या स्वतःच्या पहिल्या पिढीशीं झाली. जें काम दंडाकडून होण्यासारखें नव्हतें तें कागदांनीं केलें. त्यास चाळीस वर्षें लागलीं इतकेंच.

रानडे कॉलेजाबाहेर पडल्यावर थोड्याच वर्षांत पुण्यास दुसरा एक विद्यार्थी दुसऱ्या वाटेनें गेला. नीळकंठ जनार्दन कीर्तने हे डेक्कन कॉलेजांत शिकत असतां त्यांनीं ग्रांट डफच्या इतिहासावर टीकात्मक निबंध लिहून १८६७-६८ च्या सुमारास पुण्यांतील तरुणांच्या सभेपुढें वाचला, आणि तो पुढें 'विविधज्ञानविस्तार' मासिकांत प्रसिद्ध झाला. कॉलेजांतल्या मुलाचा हा निबंध कॉलेजच्या वहींत नव्हता, त्यास कोणी गुण द्यावयाचे नव्हते. म्हणून त्यावर कोणास दंडहि बसवितां आला नाहीं. त्यानंतरच्या दोन पिढ्यांत महाराष्ट्राच्या इतिहासाचें जें मोठें काम झालें तें बहुतेक असेंच, परीक्षेच्या मांडवाबाहेर झालें. काव्येतिहाससंग्रह १८७८ सालीं निघाला. मिरजेच्या शाळेंत संस्कृत शिकविणाऱ्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनीं पटवर्धनांचें दफ्तर चाळलें. वि. का. राजवाडे यांनीं पदवी घेतली खरी, पण शाळा-कॉलेजांतील स्वानुभवांवर त्यांनीं लिहिलेला लेख कोणत्याहि विद्यापीठानें चौकटींत घालून भिंतीवर लावावा असा नाहीं. १८९८ सालीं त्यांनीं मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढला आणि १९१० सालीं भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन करण्यांत पुढाकार घेतला. गोविंद सखाराम सरदेसाई यांची रियासत तर बडोद्याच्या राजपुत्रांस शिकविण्यासाठीं काढलेल्या टिपणांतून वाढली. सरदेसायांनीं टिपणांचे ग्रंथ केले. आमच्या बाजारांत ग्रंथांचीं टिपणें होतात.

जर्मनींत याच शतकांत निराळा प्रकार चालू होता. बर्लिन विद्यापीठांत १८२५ पासून शिकविणारे रांके हे निवडक विद्यार्थ्यांस घरीं बोलावीत, मूळ साधनें त्यांच्यापुढें ठेवीत, आणि त्यांनीं लिहिलेले निबंध सर्वांसमक्ष तपासले जात. इतिहासाचें आधुनिक शास्त्र वाढलें तें या बैठकींत. आम्हांस त्यांत दक्षिणेच्या वेळच्या शास्त्र्यांच्या प्रतिप्रश्नाची ओळख पटते. मुंबईच्या विद्यापीठानें आमचा जुना प्रतिप्रश्न बंद केला, आणि नवा जर्मन प्रतिप्रश्न आणला नाहीं. दोहोंच्या मधला कागद तेवढा आमच्या हातीं राहिला.

नाशिक शहरांत कॉलेज आलें तें १९२४ सालीं, गोखले एज्युकेशन सोसायटीचें हंसराज प्रागजी ठाकरसी कॉलेज. प्रथम तें मुंबई विद्यापीठाखालीं होतें. पुढें पुणें विद्यापीठ निघाल्यावर नाशिकचीं कॉलेजें तिकडे गेलीं. याच सुमारास, १९४८-४९ सालीं, डॉ. राधाकृष्णन् यांच्या अध्यक्षतेखालील आयोगानें विद्यापीठांच्या शिक्षणांत एकच सुधारणा सुचवावयाची झाल्यास ती परीक्षांचीच सुचवूं, अशा आशयाचें मत दिलें. त्या मतास सर्वांनीं मान डोलावली, आणि सर्वांनीं मान डोलावली म्हणजे जें होतें तें झालें.

१९८९ सालीं नाशिकास यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ निघालें. ज्यांस दिवसा कॉलेजांत बसतां येत नाहीं त्यांच्यासाठीं ही सोय. अंबडच्या कारखान्यांतून पाळी करून रात्रीं पुस्तक उघडणाऱ्या मनुष्यास पदवीचें दार तिनें उघडलें, आणि तेंहि मराठींतून. रानड्यांच्या पिढीस मराठ्यांचा इतिहास इंग्रजींत लिहावा लागला, हें आठवलें म्हणजे या गोष्टीचें मोल कळतें. दूर बसलेल्या विद्यार्थ्याच्या शिक्षणांत घरीं लिहावयाच्या स्वाध्यायास मोठें स्थान असतें, आणि कल्पना म्हणून ती फार चांगली आहे. शिक्षक घरीं येऊं शकत नाहीं, तर त्याचा प्रतिप्रश्न तरी वहीच्या समासांतून घरीं यावा, हा तिचा हेतु. आतां नेहमींच्या कॉलेजांतहि अंतर्गत मूल्यमापनाच्या रूपानें ती आलेली आहे. पण समास कोरे राहतात. एका वहीवरून दुसरी उतरते. तयार उत्तरें कागद-पेन्सिलीच्या दुकानांत मिळतात. आणि आतां तर संगणकास आज्ञा केली कीं सहा मुद्द्यांचें उत्तर चहा निवण्याच्या आंत तयार होतें. या शेवटच्या गोष्टीचा पुष्कळांनीं धसका घेतला आहे. आम्हांस वाटतें, यंत्रानें एक उपकार केला. जें उत्तर यंत्रास लिहितां येतें तें विद्यार्थ्याकडून लिहवून घेण्यांत इतकीं वर्षें काय साधत होतें, हें विचारणें आतां टाळतां येणार नाहीं.

परंतु परीक्षकाची बाजूहि ऐकली पाहिजे. त्याच्यापुढें शेंकडों उत्तरपत्रिका असतात, दिवस मोजके असतात, आणि एकाच उत्तरास दोन परीक्षकांनीं फार निराळे गुण दिले तर ओरड होते. म्हणून मुद्दे ठरवून दिले जातात. इतके मुद्दे, इतके गुण. यांत यांत्रिकपणा आहे, पण विद्यार्थ्याचें संरक्षणहि आहे, आणि सुधारणेच्या भरांत हें संरक्षण काढून घेणें धोक्याचें आहे. मुद्द्यांऐवजीं विद्यार्थ्याचें मत तपासावयाचें म्हटलें कीं खुर्चींत ग्रांट येऊन बसलाच. मग तो गोरा असेल किंवा काळा, या पक्षाचा असेल किंवा त्या जातीचा. शिवाजी, पेशवे, फुले, टिळक, गांधी यांपैकीं कोणाविषयीं काय लिहिलें असतां परीक्षक महाशय संतुष्ट होतील याचा अंदाज बांधणें हीच मग इतिहासाची तयारी होईल. खेड्यांतून आलेला, ज्याच्या घरांत पूर्वीं कोणीं कॉलेज पाहिलेलें नाहीं असा मुलगा सहा मुद्दे पाठ करतो तो मूर्खपणानें नव्हे. त्याच्या हातीं तेवढीच एक गोष्ट अशी आहे कीं जी परीक्षकाच्या लहरीवर अवलंबून नाहीं. इतिहासाच्या परीक्षेस नांवें ठेवणाऱ्या बऱ्याच विद्वानांस या मुलाची आठवण राहत नाहीं.

तेव्हां निष्कर्षास गुण द्यावयाचे नाहींत, आणि पाठांतरासहि द्यावयाचे नाहींत, तर द्यावयाचे कशास? आमच्या मतें पुराव्यापासून विधानापर्यंत विद्यार्थी कसा चालत गेला यास. आणि हें बोलणें हवेंत राहूं नये म्हणून पुन्हां अंबडच्या डोंगराकडे वळूं.

तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यांत गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिचा मोठा लेख आहे. तो तिचा नातू पुळुमावी याच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षींचा आहे. मुलाच्या ताब्यांतील देशांची यादी, त्यानें उच्छेदिलेल्या शत्रूंचीं नांवें, त्याचें रूप, त्याची दया, त्याची न्यायबुद्धि, त्याच्या घोड्यांनीं तीन समुद्रांचें पाणी प्याल्याची गोष्ट, सर्व त्यांत आहे. आमच्या विद्यार्थ्याचे सहा मुद्दे ते हेच. पण लेख कोणाचा? आईचा. केव्हांचा? मुलाच्या कारकीर्दीनंतरचा, असें आज बहुतेक अभ्यासक मानतात. येथपर्यंत आला कीं विद्यार्थी आपल्या मुद्द्यांकडे जरा निराळ्या नजरेनें पाहूं लागेल.

मग त्यास दहाव्या लेण्यांत न्यावा. तेथें पाडाव झालेल्या पक्षाचा, म्हणजे नहपानाचा जांवई उषवदात याचा लेख आहे. त्यानें भिक्षूंसाठीं तीन हजार कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले. दोन हजार शेंकडा एक व्याजानें आणि एक हजार शेंकडा पाऊण व्याजानें. मूळ रक्कम परत घ्यावयाची नाहीं, व्याज तेवढें वापरावयाचें. पाऊण या अर्थीं लेखांत 'पायून' असा शब्द आहे, आणि तो वाचतांना प्राकृत न शिकलेल्या मराठी माणसासहि आपल्या घरांतलें कोणी बोलत असल्याचा भास होतो. नाशिकच्या पश्चिमेस गंगापूरच्या शेजारीं गोवर्धन गांव आजहि त्याच नांवानें नांदत आहे, आणि मुक्त विद्यापीठहि त्याच अंगास आहे. आतां प्रश्न असा, कीं ज्यांचा निःपात केला म्हणून गौतमीपुत्राची कीर्ति, त्यांचा कारभार या लेखावरून कसा दिसतो?

तिसरा पुरावा डोंगरावर नाहीं. १९०६ सालीं नाशिक जिल्ह्यांतील जोगलटेंभी येथें नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा सांठा सांपडला. नाणीं तेरा हजारांहून अधिक, आणि त्यांपैकीं नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्रानें आपला छाप पुन्हां मारलेला. आईच्या शब्दांत पुत्रप्रेमाचा अंश किती व सत्याचा किती, याची एक बाब येथें धातूवर तपासून मिळते. नहपानाचा पाडाव झाला, हें खरें.

या लेण्यांतील लेखांवर रानड्यांचे सहाध्यायी भांडारकर यांनीं जो निबंध लिहिला तो १८७४ सालच्या लंडन येथील प्राच्यविद्यापरिषदेंत सादर झाला. जोगलटेंभीचीं नाणीं तेव्हां जमिनींतच होतीं. पुढें १८८४ सालच्या आपल्या दक्षिणच्या प्राचीन इतिहासांत भांडारकरांनीं असें मत मांडलें, कीं गौतमीपुत्र व पुळुमावी या पितापुत्रांनीं एकाच काळीं निरनिराळ्या ठिकाणीं राज्य केलें. हें मत आज बहुतेकांनीं सोडून दिलें आहे. आतां आमच्या परीक्षकानें सांगावें, त्यांच्या उत्तरास किती गुण? मुद्द्यांच्या तक्त्याप्रमाणें शून्य. पण लेखांतील कोणत्या शब्दावरून त्यांनीं काय अनुमान काढलें, तें वाचकास पावलोपावलीं दिसतें, आणि म्हणूनच तें कोठें फसलें हेंहि पुढच्यांस दाखवितां आलें. रानड्यांच्या कॉलेजांतील निबंधांतील निष्कर्ष बरोबर होता कीं चूक याचा वाद घालीत बसण्यापेक्षां, असें दाखवून चालण्याची त्यांस त्या वयांत कोणीं संवय लावली असती तर बरें झालें असतें.

राहिला एक लेख. तो बलश्रीच्या लेखाच्याच लेण्यांत आहे, लहान आहे, आणि सहा मुद्द्यांत त्यास जागा मिळत नाहीं. गौतमीपुत्राच्या राज्याच्या अठराव्या वर्षीं गोवर्धनच्या अमात्यास आज्ञा गेली, कीं पूर्वीं उषवदाताकडे असलेलें दोनशें निवर्तनें शेत त्रिरश्मि डोंगरावरील भिक्षूंस द्यावें. चोविसाव्या वर्षीं पुन्हां आज्ञा निघाली. या वेळीं राजाबरोबर राजमातेचेंहि नांव आहे, आणि तिचा मुलगा जिवंत आहे असें तिच्या विशेषणांतच म्हटलें आहे. ही आज्ञा सांगते, कीं पूर्वीं भिक्षूंस जें शेत दिलें तें कसलें जात नाहीं व तें गांवहि वसलेलें नाहीं. सबब नगराच्या शिवेवर राजाच्या मालकीचें जें शेत आहे त्यांतून शंभर निवर्तनें त्यांस द्यावीं. तीन समुद्रांपर्यंत घोडे नेणाऱ्या राजाच्या राज्यांत, त्याच्या लेण्यापासून फार दूर नसलेलें एक गांव ओस पडलें होतें. कां? युद्धानें? नव्या अंमलाखालीं कुळें पळालीं म्हणून? पाणी आटलें म्हणून? दान देतांनाच जमीन पडीक होती म्हणून? आज्ञेंत कारण दिलेलें नाहीं.

एवढ्या चार ओळींची मराठी प्रत विद्यार्थ्याच्या हातीं द्यावी आणि त्यावर दोन पानें लिहावयास सांगावें. पुस्तकें उघडीं ठेवलीं तरी हरकत नाहीं, कारण कारण तेथें मिळावयाचें नाहीं. प्रत्येक अनुमानाशेजारीं त्याचा आधार लिहावा, आणि आधार नसेल तेथें नाहीं म्हणून लिहावें. अंबडची शेतजमीन कारखान्यांकडे गेली त्याला फार पिढ्या झालेल्या नाहींत. नगराच्या शिवेवरची जमीन, ती कोणाच्या मालकीची, ती कोणीं कोणास दिली, आणि कसणारे कोठें गेले, याविषयीं ज्याच्या आजोबांस कांहीं सांगतां येईल असा विद्यार्थी त्या वर्गांत एखादा तरी निघेल. हा प्रश्न कोणत्याहि प्रश्नपत्रिकेंत अद्याप आमच्या पाहण्यांत आलेला नाहीं.